डबा रिकामा आला म्हणजे पोटात गेला असं नाही

अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे खाणं कमी करत करत स्वतःची उपासमार करून घेण्याचा मानसिक आजार. तो झालेल्या मुलीला समुपदेशकाकडे पाठवलं की आपलं काम झालं, असं बऱ्याच शाळांना वाटतं. माझं म्हणणं आहे, शाळेनं आधी मोठी सुट्टी सांभाळावी. या आजारात अन्न हेच पहिलं औषध. दिवसाच्या पाच-सहा खाण्यांपैकी दोन शाळेच्या वेळेत येतात, आणि ती रोज चुकली तर घरच्यांची सकाळ-संध्याकाळची धडपड पाण्यात जाते.

आधी ओळखायचं कसं? आपल्याकडची मुलं ‘जाड व्हायची भीती वाटते’ असं म्हणतीलच असं नाही. ‘पोट फुगतं’, ‘भूकच लागत नाही’ म्हणतात, आणि महिनोन् महिने पोटाच्याच तपासण्या चालतात. चतुर्थीला गुरुवार जोडला जातो, मग नवरात्राचे नऊ दिवस. घरात कौतुक होतं. मार्क बहुधा चांगलेच असतात, म्हणून वर्गात शंका येत नाही. डबा मैत्रिणींना वाटून टाकणं, सुट्टीत लायब्ररीत जाऊन बसणं, एप्रिलच्या उन्हातही स्वेटर, जिना चढताना थांबणं, पाळी बंद होणं: यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर थांबू नका. मुलग्यांनाही हा आजार होतो. अंगानं भरलेला मुलगा काही महिन्यांत झपाट्यानं उतरला तर तोही तितक्याच धोक्यात असू शकतो. त्याला मात्र पीटीच्या तासाला शाबासकी मिळते.

‘हट्टी झालीये’ हे वाक्य कृपा करून सोडा. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, पाककृती जमवत बसले. उपासमार मेंदूचं हेच करते. स्वतः न खाता दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ बघणारी मुलगी नाटक करत नसते.

तिच्याशी बोलायचं ते तिच्या विश्वासातल्या एकाच बाईंनी किंवा सरांनी, स्टाफरूममध्ये नव्हे. आजाराचं नाव घेऊ नका, दिसलं तेवढं सांगा: ‘तीन आठवडे तू डबा उघडत नाहीस, परवा चक्कर आली. मला काळजी वाटते.’ ती नाकारेल. नाकारणं आजाराचाच भाग आहे, म्हणून त्याच आठवड्यात आईवडिलांना बोलवा, पण जाब विचारायला नव्हे. पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची: नाडी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, ईसीजी, रक्तातले क्षार. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून धोका टळला असं होत नाही. बेशुद्ध पडली, जागेपणी नाडी ५०च्या खाली गेली, पाणीही घेईना किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. मनानं खचलेल्या घरच्यांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालतो. आणि फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला एकदम तूप-शिरा भरवू नका. रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयावर येतं. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता मोठी सुट्टी. डबा आई भरेल, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणे. एक ठरलेली मोठी व्यक्ती शांत खोलीत सोबत बसेल, स्वतःही जेवेल. हवी तर एक मैत्रीणही. वेळ साधारण ३० मिनिटं, म्हणजे पुढच्या तासाची पाच-दहा मिनिटं द्यावी लागतील. गप्पा क्रिकेटच्या, मांजराच्या, कशाच्याही. पोळ्या मोजणं नाही, ‘एवढंच?’ नाही. उरलं तर रागवायचं नाही, घरी एक मेसेज करायचा. राहिलेलं घरी भरून काढतात. जेवणानंतर तासभर ती एकटी नसावी. अशी योजना मोडते ती बहुतेक रजेमुळे: बाई सुट्टीवर गेल्या आणि बदलीचं माणूसच ठरलेलं नव्हतं. दोन नावं पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

उपचारांनंतर ती शाळेत परत आल्यावर ‘वा, तब्येत सुधारली!’ म्हणू नका. तिला त्यातून ‘जाड झालीस’ एवढंच ऐकू येतं. प्रगतिपुस्तकासाठी वजन घ्यायचंच असेल तर एकेकाला वेगळ्या खोलीत, आकडा न पुकारता. हिचं तर शाळेत घेऊच नका, ते दवाखान्यात होतं.

पीटीतून सूट डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत. हे कथकच्या क्लासला आणि ढोलपथकालाही कळवायला घरच्यांना सांगा. शाळेत मैदानाबाहेर बसवलेली मुलगी संध्याकाळी नदीपात्रात दोन तास ढोल वाजवत असेल, तर दुपारचा डबा तिथेच संपतो.