ड्रॅगनमधला मासा

फिनिश लोक ड्रॅगनला 'सॅमनसाप' म्हणतात, ही पोस्ट गेल्या आठवड्यात पुन्हा फिरत आली. शब्द आहे 'लोहिकॅर्मे'. लोही म्हणजे सॅमन मासा, कॅर्मे म्हणजे साप. खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस. मला वाईट वाटलं, कारण या शब्दाची खरी हकिकत त्या गमतीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

फिनिश शिकताना शब्द फोडून बघायची सवय लागते. 'तिएतोकोने': तिएतो म्हणजे माहिती, कोने म्हणजे यंत्र, झाला संगणक. 'यॅकाप्पी': बर्फ आणि कपाट, झाला फ्रीज. बहुतेक वेळा फोड बरोबर निघते, त्यामुळे मीही सुरुवातीला ड्रॅगनच्या खवल्यांचा माशाशी संबंध लावून मोकळी झाले होते.

पण हा मासा मुळात मासाच नाही. जुन्या स्वीडिशमध्ये 'फ्लोगद्राकी' असा शब्द होता, म्हणजे उडणारा ड्रॅगन. फिनलंड १८०९ पर्यंत कित्येक शतकं स्वीडनच्या राज्यात होतं, त्यामुळे स्वीडिश शब्द सतत कानावर पडायचे. आणि जुन्या फिनिशला शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर सोसायचं नाही. स्वीडिश 'स्कूला' (शाळा) फिनिशमध्ये 'कोउलु' झाली, 'स्तूल' (खुर्ची) 'तुओली' झाली. तसाच 'फ्लोग'मधला फ गळाला आणि उरलेला आवाज ओळखीच्या 'लोही'पाशी जाऊन टेकला. 'द्राकी' मात्र त्यांनी तसंच उचललं नाही. त्याच्या जागी आपला घरचा साप ठेवला. एकाच शब्दाचा अर्धा भाग कानाने घेतलेला, अर्धा अर्थाने!

याला अडाणीपणा म्हणणं मला अजिबात पटत नाही. आपण 'लॉर्ड'चा 'लाट' केला, लाटसाहेब म्हणालो. ते म्हणणाऱ्या आपल्या आजी-पणजीला समुद्राची लाट माहीत नव्हती का? चांगली माहीत होती. परका आवाज जिभेवर बसवायला ओळखीचा शब्द हाताशी होता, तो त्यांनी वापरला. उद्या कुणी 'मराठी लोक इंग्रज अधिकाऱ्याला समुद्राची लाट म्हणायचे' असं लिहून हसलं, तर आपल्याला कसं वाटेल?

म्हणून ती पोस्ट पुढे पाठवणार असाल, तर सोबत 'फ्लोगद्राकी'सुद्धा पाठवा. फिनिश बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सात डोक्यांचा आणि दहा शिंगांचा लालभडक ड्रॅगन येतो. त्याचंही नाव लोहिकॅर्मेच आहे, आणि तिथे मासा कुणालाच आठवत नाही.