आयता माल आणि चष्म्याची काडी

नमस्कार. अमेरिकन गुन्हेकथाकार मायकेल कॉनेलीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ज्याने वर्तमानपत्रासाठी वर्षानुवर्षं क्राइम बीट केली, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्या दिल्या, त्याला माल आयता मिळतो, पोलिसांची फाइल उघडायची, नावं बदलायची, झाली कादंबरी, यात लेखकाचं कसब ते काय? मला हे अजिबात पटत नाही.

तुम्ही उदाहरण दिलंत ते त्याच्या पहिल्या कादंबरीचं, 'द ब्लॅक एको'चं. लॉस एंजेलिसमध्ये पावसाच्या पाण्याच्या नाल्यातून भुयार खणून चोरांनी बँक फोडली होती, हे खरंच आहे. पण बातमीत होतं काय? भुयार, रिकामी तिजोरी आणि न सापडलेले चोर. व्हिएतनामच्या युद्धात शत्रूच्या भुयारांत उतरलेला कादंबरीचा नायक, पोलीस डिटेक्टिव्ह हॅरी बॉश आणि धरणाजवळच्या पाइपात मरून पडलेला त्याचाच जुना सोबती, हे कुठल्या फायलीत होतं? ती बातमी शहरातल्या सगळ्याच वार्ताहरांनी वाचली असणार. कादंबरी एकानेच लिहिली.

बीटने कॉनेलीला काय दिलं, ते त्याने स्वतःच सांगितलंय. फ्लोरिडात असताना तो फोर्ट लॉडरडेलच्या खून तपास पथकासोबत आठवडाभर फिरला. पथकाचा सार्जंट मृतदेहाजवळ वाकला की चष्मा काढून त्याची काडी दातांत धरायचा. पुढे एकदा तो चष्मा जवळून पाहायला मिळाला, तेव्हा कॉनेलीला त्या काडीवर खोल खाच पडलेली दिसली. वरून शांत दिसणारा माणूस प्रत्येक प्रेताशी किती जोरात दात आवळत होता, ते त्या खाचेत दिसत होतं. आता सांगा, ही खाच पंचनाम्यात येते का? चारशे शब्दांच्या बातमीत उपसंपादक ती ठेवेल का? माझ्या मते कॉनेलीचा सगळा बॉश त्या खाचेतून आलाय. घटना काय, कुणालाही मिळतात. असं काही टिपायला नजर लागते आणि ती कमवावी लागते.

आणि 'झटपट यश' म्हणालात, तेही तपासून पाहा. १९८० साली पत्रकारितेची पदवी, १९९२ साली पहिली कादंबरी. मधल्या बारा वर्षांत दिवसा बातम्या, आणि पुढे पुढे रात्री जागून लिखाण. पहिल्याच पुस्तकाला 'एडगर' हा रहस्यकथांसाठीचा अमेरिकन पुरस्कार मिळाल्यावरही त्याने लगेच नोकरी सोडली नाही.

अलीकडच्या काही कादंबऱ्यांत तपासाच्या कार्यपद्धतीचं वर्णन फार लांबतं, हे तुमचं म्हणणं मात्र मान्य.

एक विनंती आहे. 'क्राइम बीट' या पुस्तकात त्याच्या जुन्या बातम्या एकत्र केल्या आहेत. त्यातल्या दोन-चार वाचा आणि लगोलग 'द ब्लॅक एको'ची पहिली काही प्रकरणं पुन्हा काढा. मग तुमचं मत काय होतं ते जरूर कळवा. मत तेच राहिलं तरी कळवा, मला त्यावर बोलायला आवडेल.