जुम्मे को बंद रहता ना साब

शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून मी शुक्रवारची रजा टाकली. ऑफिसात हे मी तीनदा तरी सांगितलं असेल, आणि दर वेळी शनिवारी फिरणाऱ्या सामान्य जनतेबद्दल माझ्या आवाजात किंचित कीव होती. पुणे ते हैदराबाद, चार माणसं, एक एक्सेल शीट. शुक्रवारी अकरा ते दोन सालारजंग म्युझियम (हिरवा), तीन ते पाच चौमहल्ला राजवाडा (पिवळा), वेळ उरला तर पुरानी हवेलीतलं निजामाचं म्युझियम (निळा). तिकिटं मात्र आधी काढली नाहीत. "शुक्रवारी कोण कडमडतंय? खिडकीवर मिळतील," हेही माझंच मत.

कोणीच कडमडलं नव्हतं, हे खरं.

"जुम्मे को बंद रहता ना साब," रिक्षावाला आरशातून म्हणाला. बरं, चौमहल्ला? "वो बी बंद." निजाम म्युझियम? या वेळी त्याने नुसती मान हलवली, आजारी माणसाच्या नातेवाइकांपुढे डॉक्टर हलवतात तशी. "सुट्टीचे वार कुठल्या रंगात होते?" बायकोने मागून विचारलं. मी मूसी नदीकडे बघू लागलो. "टेन्शन लेना नक्को," रिक्षावाला म्हणाला आणि आई एकदम खूश झाली. दखनीतला हा 'नक्को' म्हणजे आपलाच 'नको', हैदराबादेत राहून जरा अंगाने भरलेला.

मग भर दुपारी गोवळकोंडा. तिथे प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी थेट वर बालाहिसारपर्यंत, म्हणजे किल्ल्याच्या माथ्यापर्यंत ऐकू जाते. शत्रू आल्याची वर्दी द्यायला केलेली सोय. गुडघ्यांमुळे आई खालीच थांबली होती. आम्ही धापा टाकत वर पोचतो तोच खालून टाळ्या सुरू. शत्रू नव्हता, तिला चहा हवा होता.

शनिवारी दुसऱ्याच ठिकाणची तिकिटं काढलेली होती, पैसे भरलेले, बदल नाही. म्हणजे सालारजंग रविवारी, आणि रविवारी दुपारी पावणेतीनची परतीची गाडी. ज्या गर्दीची मी आठवडाभर कीव केली ती सगळी त्या रविवारी दहा वाजता माझ्यापुढे उभी होती.

रांगेच्या बाबतीत आमच्या घराण्याची एक रीत आहे. दोन रांगांत दोघांनी उभं राहायचं, ज्याची आधी पोचेल त्याने तिकिटं काढायची. थिएटरपासून भाजीच्या वजनकाट्यापर्यंत ही युक्ती चालत आली आहे. इथे दोन्ही रांगा एकाच मिनिटाला पोचल्या. मी काचेतून चार तिकिटं घेतली, वळलो, तर बायको विजयी मुद्रेने हातातली चार तिकिटं नाचवत येत होती. चार माणसं, आठ तिकिटं. जादा चार रांगेतल्याच कुणाला तरी द्यावीत म्हणून मी एका सभ्य गृहस्थांजवळ जाऊन हळूच म्हणालो, "टिकट चाहिये?" त्यांनी आधी खिसा चाचपला, मग बायकोला जवळ ओढलं. हळूच विचारायला नको होतं.

आत तीसहून जास्त दालनं आणि आमच्या हातात दीड तास. यातला बहुतेक ऐवज तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान या एकट्या माणसाने जमवलेला. निजामाची दिवाणगिरी सोडून त्यांनी पुढची पस्तीसेक वर्षं वस्तू गोळा केल्या. १९४९ साली वारले तेव्हा अविवाहित होते. हे वाचून मला सगळा उलगडा झाला. घड्याळं, तलवारी, चिनी मातीची भांडी एवढी घरी आणायची आणि "हे ठेवणार कुठे?" असं विचारायला घरात कुणी नाही!

'व्हेल्ड रिबेका'पुढे मात्र पाय थांबलेच. संगमरवराचा पातळ बुरखा आणि त्यातून दिसणारा चेहराही संगमरवराचाच. पहिल्या सालारजंगांनी, म्हणजे या तिसऱ्यांच्या आजोबांनी, हा पुतळा १८७६ साली रोममधून आणला. मी डोळे बारीक करून नाकाजवळची चुणी बघत होतो, तेवढ्यात "बाबा, बाराला पाच कमी!" म्हणून मुलीने बाही ओढली.

सगळं म्युझियम घड्याळाकडे धावत होतं. दर तासाला त्यातून दाढीवाला एक छोटा माणूस बाहेर येतो, तासाचे ठोके देतो आणि आत जातो. एक लोहार तर सेकंदासेकंदाला घण मारतच असतो. आईने बाकावर शिताफीने चार जागा धरल्या होत्या, एकीवर पर्स, एकीवर चपला. मोबाइल वर झाले. बरोब्बर बाराला तो आला, मुलीने मोठ्याने मोजलेले बारा ठोके दिले आणि कुणाकडेही न बघता आत गेला. तीन दिवसांत ठरल्या वेळी झालेली ही पहिलीच गोष्ट.

गर्दी पांगली. आई चपला पायात सरकवत बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिली.

"काय रे," ती म्हणाली, "हा शुक्रवारीही येतो का बाहेर?"