काकांची वीत

माझ्या खिशात मोजायची टेप होती. हे आधीच कबूल करतो, कारण घरच्यांनी कालपासून तेवढं एकच वाक्य धरून ठेवलंय.

मामाची 1974 सालची जीप माझ्या गळ्यात पडली, तिचा मागचा ब्रेक लागेना, म्हणून डाव्या चाकाचा ड्रम, म्हणजे जिच्या आतून ब्रेकचे शू दाबून चाक थांबवतात ती लोखंडी वाटी, सोडवून, साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून मी नवे शू आणायला मुलुंडहून कुर्ल्याला निघालो. (सोडवण्यातच रविवार संपला. या जीपच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात, हे मामा सांगायला विसरला. मी पान्यावर उभा राहून तासभर नट आवळत होतो आणि सोसायटीचा वॉचमन सावलीतून "अजून जोर लावा साहेब" म्हणत होता.) गाडीत शेजारच्याने पिशवीत काय आहे विचारलं. ड्रम, म्हटलं. "ताशा कुठंय?"

सीएसटी रोडवरच्या दुकानात शेठने ड्रमकडे पाहिलंही नाही. "साइज बोलो."

"जीपचा आहे."

"जीप तो बरसों से बन रही है. नौ, दस, ग्यारह, कौनसा?"

माझा हात खिशात गेला. तेवढ्यात काउंटरपाशी स्टुलावर बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "राहू द्या हो ती टेप."

पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात अर्धा कटिंग. आले होते एक स्प्लिट पिन, म्हणजे नट अडकवायची छोटी खीळ, घ्यायला. ती मिळून बहुधा बराच वेळ झाला असावा. त्यांनी कटिंग माझ्या हातात दिला, ड्रम मांडीवर घेतला, आत फुंकर मारली. ती सगळी धूळ माझ्या शर्टावर आली. मग पंजा ताणून माझ्यासमोर धरला. "वीत म्हणजे किती?"

"नऊ इंच?"

"नऊच. टेप सैल पडते, हिची कडी हलते. ही हलते का?"

अंगठा ड्रमच्या आतल्या एका कडेला टेकला. करंगळी दुसऱ्या कडेपर्यंत पोचलीच नाही. मध्ये चांगलं बोटभर अंतर उरलं. काकांनी त्या अंतराकडे दुरून आलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसं पाहिलं आणि निकाल दिला, "नऊ."

"काका, बोटभर राहतंय."

"ती झीज. ड्रम आतून झिजतो. झिजतो तसा मोठा होतो."

यातलं वाईट असं की हे खरं आहे. पण ड्रम झिजतो तो केसाएवढा. इंचभर झिजला असता तर मी पिशवीतून नुसती त्याची आठवण घेऊन आलो असतो. हे म्हणायला तोंड उघडलं, तर काका एक्सलवर, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्यावर, गेले होते. "मागचा एक्सल डाना 44 ना? आतल्या क्राउन गिअरचे दात 43, पिनियन गिअरचे 8, म्हणजे रेशो 5.38. मोजलेत?"

"नाही."

"बैल घेताना दात बघतात, जीप घेताना नाही?"

म्हटलं, घेतली नाही, मामाकडून मिळाली. एव्हाना मागे चार माणसं जमली होती आणि मतदान सुरू झालं होतं. गॅरेजच्या पोऱ्याने नऊ सांगितलं. दुकानापुढे रिक्षा लावून आत आलेल्याने विषय काय ते न विचारता नऊवर शिक्का मारला. या शहरात "मला माहीत नाही" हे वाक्य उच्चारायला दंड आहे का? पत्ता विचारा, औषध विचारा, ब्रेकचा ड्रम विचारा, उत्तर तयार. आणि ब्रेक चुकला तर घाटात उताराला मी असणार, हे चौघे नसणार. पन्नास वर्षांत या जीपला ज्याने त्याने हाताला लागेल ते बसवलं आणि कुठे ओळ लिहून ठेवली नाही. आरसी बुकात रंग लिहिलाय, आसनं किती ते लिहिलंय, एक्सल कोणाचा ते नाही.

मी टेप काढली नाही. म्हाताऱ्या माणसासमोर बरं दिसेना. नऊ इंची शू घेतले आणि निघालो.

घरी नऊ इंची शू त्या ड्रममध्ये बापाच्या चपलेत पोराचा पाय असावा तसे दिसले. टेप लावली. दहा.

काल परत गेलो. काका त्याच स्टुलावर. मी न बोलता टेप पुढे केली. त्यांनी ती स्वतः लावली, चष्मा वर करून दोनदा वाचली. "दहा. म्हणजे वीत बरोबर. या जुन्या जीपला मुळात नऊच इंचाचा ड्रम. तुमच्या मामाने दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा एक्सल घातलाय. वीत नाही चुकली, गाडी चुकली."

तिथूनच मामाला फोन लावला. "हो, एकदा खंडाळ्याच्या घाटात एक्सल तुटला होता. मिळाला तो बसवला. तुला बोललो नव्हतो का?"

काकांनी पलीकडचा आवाज ऐकला आणि शेठकडे बघून फक्त मान हलवली. नऊ इंची शू परत घ्यायला शेठ तयार नव्हता, ग्रीसची बोटं उमटली होती म्हणे. दहा इंचीचे वेगळे पैसे मोजले. बिल घरी येऊन नीट पाहिलं, तर शेवटच्या ओळीत एक स्प्लिट पिन होती. पाच रुपये.