"पॅनल नुसतं बोंबलतं, पैसे पाण्यात" या १ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की तुमच्या हॉटेलच्या किचनमध्ये आम्ही बसवलेलं गॅस गळतीचं अलार्म पॅनल सारखं बोंबलतं, रविवारी ऐन मटण ताटाच्या गर्दीत त्याने गॅस बंद केला, आमचा फोन कोणी उचलला नाही, शेवटी बायपास करून (म्हणजे पॅनलने बंद केलेला गॅस चावीने परत सोडून) तुम्हीच किचन चालू केलं, पैसे पाण्यात गेले.

फोनचं आधी सांगतो, ती सरळसरळ आमची चूक. मी भाचीच्या हळदीला होतो, फोन सायलेंटवर, आणि दुसरा नंबर तुम्हाला कधी दिलेलाच नव्हता. त्यावर बोलायला तोंड नाही. आता दोन नंबर पॅनलच्या दारावर चिकटवलेत.

बोंबलण्यातलं पण बरंचसं आमच्याकडंच येतं. मंगळवारी आमच्या पोराने पॅनलचा लॉग, म्हणजे त्यातल्या नोंदी काढल्या, महिन्याभरात ९ अलार्म, त्यातले ८ रात्री ११ नंतरचे. म्हणजे तुमच्याकडं पाइप लावून फरशी धुतात आणि मग झुरळांचा स्प्रे मारतात ती वेळ. एलपीजी हवेपेक्षा दीडपट-दुप्पट जड, गळला की खालीच पसरतो, म्हणून सेन्सर जमिनीपासून फूटभरावरच लावावा लागतो (पाइपलाइनचा गॅस असता तर उलट, तो हलका, सेन्सर छताजवळ गेला असता). पण मोरीच्या इतक्या जवळ लावायला नको होता, पाणी उडणार हे आम्हाला कळायला हवं होतं. स्प्रेचं मात्र वेगळं आहे हां, त्या डब्यात फवारा बाहेर ढकलायला बऱ्याचदा एलपीजीच भरलेला असतो, तेव्हा सेन्सर बिचारा खोटं बोलत नव्हता.

आता तो ९ वा. रविवारी १२:४७ ला आकडा १२, १२:५१ ला २३, आणि वॉल्व ट्रिप, म्हणजे गॅस आपोआप बंद. हा आकडा काय असतो तर हवेत एवढा गॅस झाला की ठिणगी पडल्यावर पेटेल, त्याला १०० धरायचं आणि आपण त्याच्या किती जवळ आलोय ते पॅनल दाखवतं. तुमच्याकडं १० ला हुटर (भोंगा) आणि खालचा एक्झॉस्ट चालू होतो, २० ला गॅस बँकेवरचा, म्हणजे सिलिंडर एकत्र जोडलेत तिथला, वॉल्व बंद. २३ म्हणजे अजून लांब आहे असं तुमचे मॅनेजर म्हणाले. सेन्सरपाशी २३ हो, गळतीच्या तोंडाशी किती असेल? आणि ४ मिनिटात १२ चे २३ झालेत.

१२:५८ ला बायपासची चावी फिरली ती मंगळवारी सकाळी आमचा पोरगा येईपर्यंत तशीच. त्याने साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड बघितला, रस्स्याच्या मोठ्या भट्टीची रबरी नळी क्लिपच्या मागं चिरलेली, नखाएवढी चीर, पाणी लावल्याबरोबर फुगे. नळी बदलली, जुनी तुमच्या गल्ल्यावरच ठेवलीय, बघून घ्या. तुमचे भट्टीवरचे वस्ताद म्हणत होते वास आला नाही. कसा येणार, बाजूला कांदा-लसूण परतायला टाकलेलं, आणि एकाच वासात तासभर उभं राहिलं की नाकाला तो कळेनासा होतो.

मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटली. वॉल्व बंद झाला की सगळ्या शेगड्या विझतात, पण नॉब उघडेच राहतात. गर्दीत कोणी चावी फिरवून गॅस परत सोडला की तो न पेटता सगळ्या बर्नरमधून बाहेर यायला लागतो. रविवारी आधी नॉब बंद केलेले का, हे आमच्या पोराने विचारलं तर कोणालाच आठवत नव्हतं.

आणि भांडी घासायच्या बाजूच्या दुसऱ्या सेन्सरवर दुधाची पिशवी होती, रबर लावून बांधलेली. मी पोरांना दोष देत नाही, रात्री ११ ला दमून फरशी धुताना रोज कानाशी हुटर वाजला तर मी पण बांधली असती. पण पिशवीतल्या सेन्सरचा आकडा कायम ० आणि पॅनलवर हिरवा दिवा.

ट्रेनिंग आम्ही दिलं होतं, पण एकट्या तेव्हाच्या मॅनेजरला, ते दोन महिन्यात सोडून गेले, आणि कार्ड दिलं ते इंग्लिशमधलं. वस्तादांनी ते वाचायचं कसं? म्हणून आता मराठी बोर्ड लावतोय. तोपर्यंत एवढं करा, हुटर वाजला तर म्यूट दाबायला हरकत नाही, म्यूटने फक्त आवाज जातो. मग सगळे नॉब बंद, बँकेवरचा मेन बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि आतल्या कुठल्याच बटणाला हात नाही, दिवा लावायचा नाही की मिक्सर बंद करायचा नाही. एक्झॉस्ट पॅनल स्वतः चालू करतं, ती मोटर फ्लेमप्रूफ आहे, म्हणजे तिच्या ठिणगीने बाहेरचा गॅस पेटत नाही, तुमची वरची चिमणी धूर ओढायला, खाली बसलेला गॅस तिला पोचत नाही. आकडा ० वर आला आणि गळती सापडली की मगच रीसेट, नंतर एकेक शेगडी पेटवायची. कारण सापडेना तर रीसेट करू नका, आम्हाला फोन करा, या वेळी उचलणार.

गुरुवारी ४ वाजता, दुपारचं आवरल्यावर, मी स्वतः येतोय. सेन्सर मोरीपासून लांब सरकवतो, त्यावर पाणी उडू नये म्हणून झाकण बसवतो, दोन्ही सेन्सर टेस्ट गॅस मारून कॅलिब्रेट करतो, म्हणजे आकडा बरोबर दाखवतील असे जुळवतो, याचे पैसे नाहीत. वस्ताद आणि रात्री धुणारी पोरं दोघं थांबतील असं बघा, मॅनेजर नसले तरी चालतील. स्टारचं तुमचं तुम्ही ठरवा. बायपासची चावी मात्र आजच वस्तादांच्या खिशातून काढून तुमच्या गल्ल्यात ठेवा.