मायनस सहाचा हिशेब

माझा नंबर मायनस सहा, दोन्ही डोळ्यांना सारखाच. निदान त्या दोघांत भांडण नाही. चष्मा काढला की वीतभरही अंतरावरचं धड दिसत नाही, त्यापलीकडे सगळेच सारखे देखणे. चष्मा घालवायचा हे केव्हाच ठरलंय. अडलंय ते लेन्स की लेझर, इथे.

लेन्स लावून पाहिल्या. आधी हात धुवायचे, मग ते खडखडीत कोरडे करायचे, कारण नळाच्या पाण्याचा थेंबही लेन्सला चालत नाही. मग ती बोटाच्या टोकावर घेऊन नाकाशी धरायची. कडा वाटीसारख्या उभ्या असतील तर सुलटी, बशीसारख्या पसरल्या तर उलटी. एवढं झाल्यावर बोट डोळ्याकडे न्यावं, तर पापणी मिटते. ती माझं ऐकत नाही. लेन्स बेसिनमध्ये पडते आणि ती शोधायला चष्मा लावावा लागतो.

रात्री ठेचा-भाकरीचा बेत असेल तर विचारूच नका. साबणाने घासघासून हात धुतले, वास घेऊन पाहिला, बायकोलाही घ्यायला लावला. तिने निर्वाळा दिला. लेन्स काढायला डोळ्यात बोट घातलं आणि पुढची पंधरा मिनिटं मी आमच्या कुलदैवताशी थेट बोलत होतो.

या मऊ लेन्स ओटो विख्तर्ले नावाच्या चेक रसायनशास्त्रज्ञाने 1961 च्या नाताळात घरीच बनवल्या, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग जोडून केलेल्या यंत्रावर. (दिवाळीत मी असा पसारा मांडला असता तर यंत्रासकट जिन्यात असतो.) लेझरचीही कथा तशीच. मद्रासला शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन 1981 मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. थँक्सगिव्हिंगच्या जेवणातली उरलेली टर्की त्यांनी तिथे नेली आणि तिच्यावर एक्सायमर नावाचा अतिनील किरणांचा लेझर चालवला. आजूबाजूला काहीही न भाजता स्वच्छ काप गेला. आपल्याकडे सणाचं उरलेलं फोडणीला जातं, त्यामुळे असले शोध लागत नाहीत.

टर्कीनंतर नंबर माझा. तपासणीआधी लेन्स काही दिवस बंद ठेवायला सांगितल्या, कारण त्यांनी पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, आकार थोडा बदलतो आणि मापं चुकतात. मग पारपटलाची जाडी मोजली. जेमतेम अर्धा मिलिमीटर! एवढ्याशा ऐवजातला ऐंशीएक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उडवायचा, तोही वरचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उचलून. "सर, काही कळतसुद्धा नाही," काउन्सेलर बाई गोड हसून म्हणाल्या. माझी पापणी त्यांना भेटलेली नाही. ती मिटू नये म्हणून चिमटा लावतात म्हणे. एवढी एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली.

खरा घोळ डॉक्टरांनी शेवटी घातला. "वय एकोणचाळीस ना? लांबचा चष्मा जाईल, पण थोड्याच वर्षांत वाचायला लागेल. चाळिशी काही लेझरला घाबरत नाही." आता मी चष्मा काढून औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचतो, वयाची पन्नाशी आली तरी वाचेन. नंबर घालवला की ही सोयही जाणार. म्हणजे पैसे मोजून एक चष्मा द्यायचा आणि दुसऱ्याची वाट बघायची.

घरी येऊन आईला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, शिवणाचा डबा आणला आणि सगळ्या सुया माझ्यापुढे ठेवल्या.

"ऑपरेशनच्या आधी एवढ्यांत दोरा ओवून ठेव."