संसार मोडणाऱ्यांसाठी चार सूचना

दुसऱ्याचा चांगला चाललेला संसार मोडायचा मनात असेल, तर फार खोटं बोलू नका. नवशिके इथेच फसतात. बनावट पत्रं काय, साक्षीदार काय, नुसता खर्च. त्यापेक्षा शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातल्या इयागोचा गंडा बांधा. सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा हा अधिकारी, त्यानेच सेनापतीच्या मनात बायकोबद्दल संशय भरून तिचा खून करायला लावला. १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात या नाटकाचा प्रयोग झाल्याची नोंद आहे, म्हणजे गुरुजींचा अनुभव चारशे वर्षांहून मोठा. फीसुद्धा घेत नाहीत. (सेनापतीच्या बायकोवर झुरणाऱ्या बिचाऱ्या रॉडरिगोकडून घेतली, पण तो गिऱ्हाईकच तसा होता.)

सावज बाहेरचं निवडा आणि गरजेचं निवडा. व्हेनिसला तुर्कांशी लढायला सेनापती हवा होता. तो, म्हणजे ऑथेल्लो, काळा निघाला तर निघाला. ब्रॅबँशिओसारखा प्रतिष्ठित माणूस त्याला प्रेमाने घरी बोलावतो, लढायांच्या कथा सांगायला लावतो. तुम्हीही बोलवावं. असा एखादा पाहुणा घरी येत असला की आपण किती मोकळ्या मनाचे आहोत हे चार लोकांना दिसतं. फक्त आपली मुलगी घरकाम भराभर उरकून त्या कथा ऐकायला येऊन बसत नाही ना, तेवढं बघा. ब्रॅबँशिओची डेस्डिमोना बसायची.

तिने त्या पाहुण्याशी लग्न केलं की मध्यरात्री बापाच्या खिडकीखाली जाऊन बोंब ठोका. जावयाचं नाव घेऊ नका. त्या अख्ख्या पहिल्या प्रवेशात ऑथेल्लोचं नाव एकदाही कोणी घेत नाही. काळा मेंढा, जाड ओठांचा, बर्बरी घोडा, एवढ्यावर भागतं. पुढचं बाप बघून घेतो. आपली गोरी, लाजरी पोर या काळ्याच्या छातीला बिलगते म्हणजे नक्कीच करणी, असं म्हणत तो भर मध्यरात्री व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या, ड्यूकच्या, सभेत फिर्याद नेतो. आदल्या आठवड्यापर्यंत याच माणसाला स्वतःच्या हाताने वाढत असेल, सांगता येत नाही.

ड्यूककडूनही शिकण्यासारखं आहे. तो ऑथेल्लोची बाजू घेतो आणि म्हणतो काय, तर गुणांकडे पाहिलं तर तुमचा जावई काळा कसला, गोराच आहे! स्तुती करावी तर अशी. आपल्याकडे मुलगी दाखवताना 'रंग जरा सावळा, पण नाकीडोळी नीटस' म्हणतात, तीच ही शाळा. 'पण'शिवाय कौतुक करायचं नाही.

आता खरी करामत. तिसऱ्या अंकात इयागो नवीन असं जवळपास काहीच सांगत नाही. बापाला फसवून तिने तुमच्याशी लग्न केलं, एवढीच आठवण करून देतो. हे वाक्य त्याचं नाहीच, सभेतून जाताना ब्रॅबँशिओने फेकलेलं आहे. मग ऑथेल्लोच पुटपुटायला लागतो, निसर्ग कधी कधी वाट चुकतो आणि... इयागो लगेच ते वाक्य उचलतो. हो ना, तेच तर! स्वतःच्या मुलखातली, रंगाची, तोलामोलाची स्थळं तिने नाकारली, हे काही सरळ लक्षण नव्हे. थोड्या वेळाने सेनापती एकटा उभा राहून स्वतःला सांगतो की मी काळा आहे, मला दरबारी गोड बोलता येत नाही, वयही उतरणीला लागलंय, म्हणून ती हातची गेली. इतकं सगळं तो आपल्या तोंडाने म्हणत असताना तुम्ही मध्ये बोलून घोटाळा करू नये. मत्सराचं बी तुम्हाला खिशातून आणावं लागत नाही. गावाने त्याच्या मनात ते कधीच पेरलेलं असतं.

पुरावा छोटा असावा. ऑथेल्लोचं कपाळ दुखतं म्हणून डेस्डिमोना रुमाल बांधायला जाते. तो म्हणतो, फार लहान आहे हा, आणि रुमाल खाली पडतो. स्ट्रॉबेऱ्या भरलेला, त्याच्या आईचा रुमाल. डेस्डिमोनाची दासी एमिलिया उचलते, नवऱ्याला, म्हणजे इयागोला, देते, आणि नवरा सेनापतीला सांगतो की कॅशिओ (ज्याच्याशी डेस्डिमोनाचं नाव जोडायचंय तो सेनापतीचा दुय्यम) आज त्या रुमालाने दाढी पुसत होता. हा दाढीचा तपशील विसरू नका. देवाशपथ सांगतो, सगळं कौशल्य तिथे आहे.

अब्रूची काळजी नको. सभ्य माणसं तुमच्यावर पांघरूण घालतात. १६९३ साली टॉमस रायमर नावाच्या इंग्रज टीकाकाराने या नाटकाचा बोध काढून दाखवला: कुलीन मुलींनी आईबापांच्या संमतीशिवाय काळ्यांबरोबर पळून जाऊ नये आणि बायकांनी आपल्या रुमालांवर लक्ष ठेवावं. इयागोबद्दल बोधात अवाक्षर नाही. आपल्याकडे या मालाला उठाव नाही असंही समजू नका. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली याचं 'झुंझारराव' केलं, तेव्हा मराठी प्रेक्षकाला संशय म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नसणार.

धोका एकच, बोलणारी बायको. एमिलियाने सगळं फोडलं. अर्थात खुनाबद्दल ऑथेल्लोला शिव्या देताना तिलाही 'आणखी काळा सैतान' हेच शब्द सुचले, त्यामुळे अगदीच वाया गेली म्हणता येत नाही. पकडले गेलात तर इयागोसारखं तोंड मिटून बसा. पुढे छळ वगैरे होईल, ते धंद्यातलं चालायचंच. पण वाटणी बघाल तर मन खट्टू होतं. प्रेतं पलंगावर पडलेली असताना ऑथेल्लोचं घर आणि मालमत्ता मिळते डेस्डिमोनाच्या काकाला, ग्रॅशियानोला. हा शेवटच्या अंकात येतो, हळहळतो आणि वारस होतो. तेव्हा जमलं तर काका व्हा.